न्यायला आलेली माणसं

बटणला त्याच्या बापाच्या हाती देऊन मावशी आत वळली, आणि थोड्याच वेळात बटणचा बाप त्याला न्यायला आला.

“गेले का दोघं?” दारातूनच त्यानं विचारलं. “भाऊ येईल म्हणून सकाळी सांगून गेलो होतो तुम्हाला. पण काम लवकर आटोपलं, म्हटलं आपणही जावं.” आवाज त्याचाच होता. कायम सर्दी झाल्यासारखा, प्रत्येक शब्दाचं शेपूट नाकात ओढणारा. मावशीचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. “गेले की, आत्ताच,” ती म्हणाली आणि हसली, कारण अशा वेळी आपण हसतो हे तिला आठवलं. मग न राहवून तिनं विचारलं, “तुमचे भाऊ अगदी तुमच्यासारखे दिसतात, नाही?” पायरी उतरता उतरता तो थांबला. “छे हो! लोक म्हणतात, एका आईची पोरं वाटतच नाहीत. तो केवढा, मी केवढा!” असं म्हणून तो गेलाही.

झालं काहीच नव्हतं. पोर काकाबरोबर सुखरूप घरी गेलं होतं, काका खराच काका होता, निरोप खराच सकाळी आला होता. यात काही वावगं घडलं हे जगात एकट्या मावशीला ठाऊक होतं. त्या माणसाशी ती दारात उभी राहून चांगली ऐसपैस बोलली होती. बटणचा पुढचा दात हलतोय, तुम्ही ओढाओढ करू नका, आपोआप पडू दे; आणि तुमच्या पाठीचं काय झालं? ‘बरी आहे,’ तो म्हणाला होता. पाठ काय, कुणाचीही कधी ना कधी दुखलेली असतेच. निरोप ती विसरली होती असंही नाही. निरोप डोक्यात आपल्या जागी नीट होता. पण दारात एक माणूस आला, त्यानं बटणकडे हात पसरले, आणि त्या पसरलेल्या हातांच्या वर तिनं स्वतःच बाप ठेवून दिला. कुठून उचलून ठेवला? त्या माणसाला चेहरा होता की. नाक होतं, डोळे होते, गालावर दाढी करताना कापल्याची बारीक रेघ होती, तीसुद्धा तिला आत्ता आठवत होती. मग ते सगळं असताना ती नेमकं काय बघत होती? ती पुन्हा दारात गेली. रस्ता रिकामा होता. कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं आणि शटरखालून कुणाचे तरी पाय दिसत होते. त्या पायांकडे ती उगाच बघत राहिली. वन्सं आतून ओरडल्या, “अहो वहिनी, दूध उतू गेलं तरी चालेल का तुम्हाला? किती हाका मारू?”

पाळणाघर घराच्या तळमजल्यावर होतं. एकामागे एक दोन खोल्या, त्यांच्यामागे न्हाणी, बाजूला पत्र्याखाली वाळत घातलेल्या चिमुकल्या चड्ड्यांची रांग. वरच्या मजल्यावर ती आणि तिचा नवरा राहत. खालच्या कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. भात शिजवणं, दूध गरम करणं, ओल्या गाद्या उन्हात टाकणं हे वन्संचं, म्हणजे तिच्या धाकट्या नणंदेचं. आणि दार तिचं. मूल कुणाच्या हाती द्यायचं हे तीच ठरवायची. एकदा एक बाप आला होता, फुगे घेऊन, छान भांग पाडून. कोर्टानं त्याला मुलीला भेटायला बंदी केली होती, आणि मावशीनं त्याला त्याआधी फक्त एका फोटोत पाहिलं होतं, तोही जुना, मिशी असलेला. बिनमिशीच्या त्या माणसाच्या तोंडावर तिनं दार लावलं होतं. आयाबाया एकमेकींना ती गोष्ट सांगत. आता ती स्वतःला ती गोष्ट सांगू लागली, रात्री पाठ टेकली की, भांडी पुसताना, गादीवरच्या पोराला थोपटताना, आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न शेपटासारखा मागे येई: तो माणूस आज आला तर?

मग मागचं मागचं उकरणं सुरू झालं. कधीपासून? फळवाल्याकडे उभी असताना एका बाईनं तिचा दंड धरला होता आणि ती दचकून मागे सरकली होती. ती बाई वन्संची मैत्रीण निघाली, लहानपणापासून घरात येणारी. “काय हो, ओळखसुद्धा विसरलात?” यावर सगळ्या हसल्या होत्या. टीव्हीवरची मालिका तिनं सोडून दिली होती, कारण त्यातल्या दोन्ही सुना तिला एकच वाटत आणि सारखं वन्संना विचारावं लागे, ही छळणारी की छळून घेणारी? वन्सं म्हणाल्या होत्या, “डोळे तपासा आधी.” तिनं तपासले, चष्मा बदलला. नव्या चष्म्यातून चेहरे आणखी स्वच्छ दिसू लागले. भुवया स्वच्छ, नाकपुड्या स्वच्छ, हनुवटीवरचा तीळ स्वच्छ. फक्त त्या सगळ्याचं मिळून माणूस होत नव्हतं. जिन्यात पिशवी फाटून सामान घरंगळावं तसं ते सगळं तिच्यासमोर पडलेलं असे, एकेक वस्तू ओळखीची, आणि पिशवी तेवढी नाही.

ती हुशार बाई होती. तिनं युक्त्या काढल्या. बटणचा बाप म्हणजे सर्दी. भिंगरीची आई म्हणजे उंच टाचांचे बूट. तिचं टकटक वळणावरूनच ऐकू येई. मुंगीची आई दवाखान्यात नर्स होती. ती पांढऱ्या कोटातच यायची आणि तिच्या हातांना स्पिरिटचा वास असायचा. ज्यांचं असं काहीच नव्हतं त्यांच्यासाठी तिनं एक खेळ काढला. संध्याकाळी घंटी वाजली की ती टाळ्या पिटून म्हणे, “बघू बघू, कोण आलंय कुणाला न्यायला?” आणि मुलं दाराकडे धावत, एखादं किंचाळे, “माझे बाबा!” म्हणजे ओळखायचं काम तिनं मुलांवर टाकलं. खेळ सगळ्यांना आवडला. वन्संना तर फारच. पण मावशीचा त्यावर भरवसा नव्हता. कारण मुलांचं काय, बिस्किटाचा पुडा दाखवला तर ती टपालवाल्यालाही बाबा म्हणतील.

या सगळ्यात तिला तिचा बाप आठवायला लागला, जो वर्षानुवर्षं आठवला नव्हता. तो सिनेमा थिएटरच्या दारावर तिकिटं फाडायचा. वर बघायचा नाही. अर्धवट काळोखात त्याच्यापुढे हात येत आणि तो त्या हातांतलं तिकीट घेऊन फाडे, अर्धं परत देई. घरी येऊन तो हातांबद्दल बोलायचा. आज एक अंगठा नसलेला आला होता, आज एकीच्या हाताला ओल्या चुन्याचा वास होता. ती नऊदहा वर्षांची असताना मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेली होती, बापाला न सांगता, त्याची गंमत करायला. रांगेत पुढे सरकत ती त्याच्यासमोर आली, हसू दाबत तिकीट पुढे केलं. त्यानं ते फाडलं, अर्धं तिच्या हातात दिलं आणि पुढच्या हाताकडे वळला. ती तिथंच थांबली. मागून कुणीतरी ढकललं. सबंध सिनेमा ती रडली होती आणि मैत्रिणीला वाटलं होतं, नायिका मेली म्हणून रडतेय. इतकी वर्षं तिनं याचा अर्थ असा लावला होता की बापाचं आपल्यावर लक्ष नव्हतं. आता पत्र्याखाली उभी राहून चड्ड्यांना चिमटे लावताना तिला वाटे, त्यानं वर पाहिलं असेल तर? पाहिलंच असेल, आणि पाहून काही उपयोग झाला नसेल तर? मग चिमटे लावायचे सोडून ती तशीच उभी राही, हात वर, आणि ओल्या कपड्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळे.

पाळणाघरात उवा झाल्या तेव्हा आयांनी मुलींचे केस कापून आणले. मुंगी आणि भिंगरी एकाच वयाच्या, सारख्याच काटकुळ्या. मुंगीच्या दोन वेण्या आणि भिंगरीचा झिपरा हाच काय तो मावशीचा आधार होता, आणि एका सोमवारी दोघी डोक्यावर तेच आखूड, खरखरीत केस घेऊन आल्या. मावशीनं स्वतःला बजावलं: भिंगरी एका जागी बसत नाही, मुंगी बसते, मुंगीची गादी खिडकीखाली, भिंगरीची कपाटाशी. मुंगीला फिट यायच्या. दुपारी जेवण झालं की तिला एक चमचा औषध द्यायचं असे, आणि ते मावशीच देई, दुसऱ्या कुणी नाही.

त्या दुपारी पडदे ओढलेले होते. पोरं पेंगुळली होती. खिडकीखालच्या गादीवरची पोर तिनं खांद्याला धरून अर्धी उठवली, चमचा तोंडाशी नेला, पोरीनं डोळे न उघडताच तोंड वाकडं करून औषध गिळलं. मावशीनं तिचे ओठ पदरानं पुसावेत तसे आपल्या स्वेटरच्या बाहीनं पुसले. ती उठणार तोच कपाटाकडून हलकेच आवाज आला. “मावशी, आज माझं औषध?”

“दिलं ना बाळा.”

“मला नाही. भिंगरीला दिलं.” मुंगी उशीवर कोपर टेकून बघत होती. तिला मजा वाटत होती. “आम्ही गाद्या बदलल्या. मी बघत होते, तुला कळतंय का.”

त्यानंतर जे झालं ते मावशीला तुकड्यातुकड्यांनी आठवे. ती भिंगरीला मांडीवर घेऊन बसली होती आणि दिवसभर एका पायावर नाचणारी ती पोर ओल्या टॉवेलसारखी तिच्या हातावर पडली होती. वन्संनी गाडी बोलावली. दवाखान्यात बाकांचा रंग हिरवा होता. भिंगरीला आत नेलं. मग टकटक करत तिची आई आली, पण एकाच बुटाची टकटक, दुसरा बूट धावताना तुटला होता, आणि त्यामुळे ती कोण हे मावशीला क्षणभर कळलंच नाही. “काय दिलंत तुम्ही माझ्या पोरीला?” बाई ओरडली. मावशीनं तोंड उघडलं, पण त्याआधी वन्संच बोलल्या, “अहो, बाटलीवरचं नाव पुसलं गेलं होतं हो. खोकल्याचं समजून दिलं. चूक झाली, माणसाच्या हातून होते.” हे इतकं सहज आलं की क्षणभर मावशीलाही ते खरं वाटलं. नाव पुसलेली बाटली तिला दिसलीसुद्धा. ती गप्प राहिली. संध्याकाळपर्यंत भिंगरी उठून बसली, तिनं पाणी मागितलं, मग पलंगाच्या कठड्यावर चढायला लागली. रात्रभर ठेवून घेऊ, धोका टळलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. वन्सं तिथंच रडायला लागल्या. मावशीला रडू आलं नाही. तिला सारखं वाटत होतं, कुणीतरी आपल्याला मागून बघतंय, आणि वळून पाहिलं तर बाकावर सगळे नुसते नाक-डोळे बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलं यायच्याही आधी, दारात एक बाई आली. फुलाफुलांचा शर्ट, ओले केस मोकळे सोडलेले. मावशी म्हणाली, “या, बसा,” आणि वाट बघू लागली, बाई काही बोलेल म्हणून. बाई बोलली नाही. बसलीही नाही. ती मावशीकडे नुसती बघत राहिली, आणि मावशी घाईघाईनं तिचे कान, बोटं, बूट चाळत सुटली, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन भलत्याच कुलपाशी झटावं तशी.

“मी कोण, सांगा बघू,” शेवटी बाई म्हणाली.

आवाज ओळखीचा होता, पण इतका हळू की धरता येईना. “असं काय विचारता?” मावशी हसली. “काहीतरीच तुमचं.”

“मुंगीची आई. रोज संध्याकाळी येते. आज सुटी आहे, म्हणून कोट नाही.” ती आता पायरीवर टेकली. “तुमच्या वन्संनी काल बाटलीचं सांगितलं. बाटलीवर नाव कशाला लागतं मावशी? तुमच्याकडे ते औषध एकाच पोरीचं आहे. आणि ते लाल आहे, खोकल्याचं पांढरं. तुम्हाला पोरी ओळखू आल्या नाहीत. खरं ना?”

मावशीला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. “केस कापले होते,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लहान मुलासारखा वाटला. “दोघींचे सारखे.”

“बाकी कुणाला पडला का घोटाळा? वन्संना? मुलांना?” मुंगीच्या आईनं तिचा हात हातात घेतला. स्पिरिटचा वास नव्हता, साबणाचा होता. “आमच्याकडे एक डॉक्टर आहेत, मेंदूच्या. मी वेळ घेते. घरी सांगा, नाहीतर मी सांगते.”

घरी म्हणजे नवऱ्याला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या उंच इमारतींच्या पोटात, काळोख्या उभ्या बोगद्यांत त्याचा दिवस जाई आणि तो घरी येताना तो काळोख थोडा अंगावर घेऊनच यायचा, म्हणजे बोलायचा नाही. भांडण नाही, राग नाही. नुसतं बोलायचं नाही. जेवताना मीठ कमी असलं तर उठून मीठ घेई. मूल होणार नाही हे कळलं त्या दिवशीही बोलली होती तीच. त्यानं ऐकून घेतलं होतं, मग खाली जाऊन रिकाम्या पडलेल्या दोन खोल्यांना चुना काढला होता, आणि त्या चुना काढलेल्या खोल्यांचं तिनं पुढं पाळणाघर केलं. त्याच्याबद्दल तिनं कधी वन्संकडेही तक्रार केली नाही. वन्सं मात्र म्हणत, “आमच्या घरातलं सगळं बोलणं देवानं माझ्यात भरलं, दादाला काही उरलंच नाही.” मावशीनं त्याला सांगितलं, डोकं तपासायचंय. त्यानं मान हलवली आणि त्या दिवशी कामावर गेला नाही.

तपासणीच्या यंत्रात तिला बराच वेळ झोपवलं होतं. ठकठक, घरघर, कुणी पत्र्यावर हातोडा मारावा तसं. बाहेर आली तेव्हा कान बधिर झाले होते. लांब गल्लीसारख्या त्या जागेत भिंतीला टेकून खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर माणसं. नवऱ्याचं तपकिरी जाकीट तिनं शोधलं; ते नव्हतं. बाहेर गेला असेल, येईल. एका करड्या शर्टातल्या म्हाताऱ्याशेजारची खुर्ची रिकामी होती, तिथं ती बसली. तो माणूस तिच्याकडे वळून बघू लागला. तिला अवघडल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिनं सौजन्यानं विचारलं, “तुमचं कोण आहे आत?”

त्यानं मांडीवर घडी करून ठेवलेलं तपकिरी जाकीट उचललं आणि हळूच अंगात घातलं. एक बाही, मग दुसरी. चेन गळ्यापर्यंत ओढली. आणि तिच्याकडे पाहत तसाच बसून राहिला.

“मेलं ते यंत्र,” ती म्हणाली, “डोकं भणाणून सोडलंय.” त्यानं मान हलवली. नंतर घरी पोचेपर्यंत तिनं खिडकीबाहेर पाहिलं. म्हातारा, असं तिच्या मनात आलं होतं. करड्या शर्टातला म्हातारा. ते तिला ओळख न पटल्यापेक्षा जास्त लागलं होतं. त्याला तिनं कधी म्हातारा म्हणून पाहिलंच नव्हतं. कळल्यावर मात्र तिला तो पुन्हा तसा दिसला नाही. मग खरं काय दिसलं होतं?

डॉक्टर तरुण होती, भराभर बोलणारी, पण त्या दिवशी सावकाश बोलली. डोळे ठीक आहेत. स्मरणशक्तीही तशी चांगली आहे. उजव्या कानाच्या वरचा मेंदूचा भाग झिजत चाललाय. चेहऱ्यावरून माणूस ओळखायचं काम तिथं होतं. तिनं फोटो दाखवले होते, केस झाकलेले, नुसते चेहरे. मावशीनं त्यातला एकही ओळखला नव्हता. त्यातला एक तिचा स्वतःचा होता.

“भरून येईल का?”

“नाही. औषधानं चिडचिड, अस्वस्थपणा कमी करता येईल. झीज थांबवता येत नाही.” मग नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, “पुढं आवाजही ओळखू येईनासे होतात कधीकधी. सवयी बदलतात, स्वभाव बदलतो. सगळ्यांचं सारखं नसतं. तोपर्यंत तुम्ही एक करा. खोलीत आलात की आधी बोला. मी अमुक, मी आलोय, असं. त्यांना शोधायला लावू नका.”

“माझ्या वडलांना असेल का हे?” मावशीनं विचारलं. डॉक्टरनं वडलांबद्दल बरंच विचारलं, काय करायचे, कशानं गेले, शेवटी कसे होते. ते कामावरच गेले होते, पायऱ्यांवरून पडून, तरुणपणीच. “मग सांगता येणार नाही,” ती म्हणाली. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. मावशीला वाटलं, निदान विचारलं तरी कुणी.

पालकांना तिनं शनिवारी सकाळी बोलावलं. वन्संनी दोन दिवस आकांत केला. “कशाला सांगायचं? दारात मी उभी राहते! तुम्ही मागं बसा, गोष्टी सांगा पोरांना. कुणाला कळतंय?” मावशी म्हणाली, “मुंगीला कळलं ना.” खोलीत माणसं दाटीनं उभी होती, छोट्या खुर्च्यांवर कुणी बसेना. इतक्या चेहऱ्यांसमोर तिला गरगरलं. कुणाकडे बघून बोलायचं हेच ठरेना, म्हणून ती भिंतीवरच्या बदकाच्या चित्राकडे बघून बोलली. बाटलीवरचं नाव पुसलेलं नव्हतं, हे आधी सांगितलं. मग आजाराचं. मग बटणच्या काकाचंही सांगून टाकलं, जे कुणी विचारलं नव्हतं.

“म्हणजे इतके दिवस,” टाचांच्या बुटांचा आवाज पुढे आला, “तुम्ही माझी मुलगी कुणाच्याही हातात दिली असतीत.”

“हो,” मावशी म्हणाली. “देऊ शकले असते.”

“आणि काल-परवापर्यंत गप्प बसलात.”

“हो.”

भिंगरीची आई आणखी काही बोलणार होती, पण तिला रडू फुटलं आणि त्या रडण्याचा तिला रागही आला. तिनं खुंटीवरची पिशवी ओढली, भिंगरीला काखोटीला मारलं आणि ती गेली. जाताना भिंगरी उलटी लोंबकळत हात हलवत होती. तिच्यापाठोपाठ आणखी काहीजण गेले. बटणचा बाप नाक ओढत म्हणाला, “मला तेव्हाच सांगायचं होतंत मावशी,” आणि तोही गेला. पण बटणची पिशवी खुंटीवरच राहिली. सोमवारी बटण आला. मुंगी आली. निम्मी खोली भरली. दारात वन्सं उभ्या राहिल्या.

मावशीनं मागच्या खोलीत बसायचं, बस्. पोरांच्या अंगावर पांघरूण घालायचं, मोज्यांच्या जोड्या लावायच्या. घंटी वाजली की तिचे पाय आपोआप उठत आणि ती त्यांना परत बसवी. दारातून वन्संचा आवाज येई, “या या! आज लवकर?” आणि कोण आलंय ते न कळता एकेक पोर आतून नाहीसं होई. संध्याकाळ त्या खोलीत अशी गळत जायची. पोरांना मात्र नवा खेळ मिळाला होता. ती मावशीपुढे येऊन आधीच जाहीर करत, “मी बटण, मला पाणी हवंय,” “मी मुंगी, मी उगाच आलेय.” कुणाला यात काही वाटत नसे. कधीकधी बटण म्हणे, “मी मुंगी,” आणि मुंगी हसून लोळे, आणि मावशी दोघांचे आवाज पुन्हा ऐकून घेई.

नवरा बोलायला लागला. डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणून. पहिल्या दिवशी तो दारात उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, “मी. आलोय.” मग बराच वेळ विचार करून म्हणाला, “हातात कांदे आहेत.” तिला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी तो जिन्यापासूनच बोलत आला. नुसतं ‘मी’ म्हणायला त्याला कसंतरीच वाटत असावं, म्हणून तो दिवसभराचं सांगू लागला. चौथ्या मजल्यावर लिफ्ट अडकली, आत एक नवरदेव होता. एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्याच्या तळाशी चिल्लर सापडते, पत्ते सापडतात, एकदा दातांची कवळी सापडली. दोर तपासताना तो हातानं चाचपावा लागतो, डोळ्यांनी कळत नाही. त्याच्याकडे इतकं सांगण्यासारखं होतं याचं तिला नवल वाटे आणि मग त्या नवलाचा रागही येई. हे सगळं इतकी वर्षं कुठं होतं? तो रस्त्यानं चालतानाही बोलू लागला. समोरून वन्संची मैत्रीण येतेय, हिरवा स्वेटर. डावीकडे फळवाला, हात करतोय तुला, हात कर. वन्सं तोंडाला हात लावून म्हणत, “दादाला झालंय तरी काय!” तो भराभर बोले, एका दमात, जणू थांबला तर बायको हातची जाईल.

आणि हळूहळू तिची झोप उडाली. रात्री पलंगावर शेजारी पडलेल्या माणसाकडे ती पाठ करून पडे. हा बोलका माणूस कोण? त्याच्या लिफ्टांच्या गोष्टी ती ऐके, हसे, आणि पाहुण्याशी वागावं तसं नीट वागे. चहा देताना कप त्याच्यापुढे ठेवून ती दोन पावलं मागे सरकते, हे एकदा तिच्याच लक्षात आलं. आवाज त्याचाच असणार. पण त्याचा आवाज तिनं आयुष्यात ऐकला होता तरी किती, की तो तिला खूण म्हणून पुरावा?

त्या संध्याकाळी शेवटचं पोर गेलं होतं. वन्सं दळण आणायला बाहेर पडल्या होत्या. मावशी अंगणातल्या बाकावर मोज्यांचा ढीग घेऊन बसली होती. फाटक वाजलं. एक माणूस आत आला. “मी आलोय,” तो लांबूनच म्हणाला. “आज लवकर सुटलो. बँकेच्या इमारतीतलं काम आटोपलं, नवी मोटर बसवली, काय आवाज आहे म्हणून सांगू, नुसता मधमाशीसारखा...” शब्द नवऱ्याचे होते. लिफ्ट होती, मोटर होती. पण आवाज पाण्यासारखा तिच्या कानांवरून ओघळून गेला आणि मागे काहीच राहिलं नाही. ना ओळखीचा, ना अनोळखी. डॉक्टर म्हणाली होती ते हेच, हे तिला कळलं, अगदी शांतपणे कळलं, आणि तरी हातातला मोजा तिनं घट्ट आवळला. माणूस बोलत जवळ येत होता. दार वीसेक पावलांवर होतं. धावत आत जाऊन कडी घालता येईल, असं तिनं खरोखर मोजलं.

“जरा गप्प बसाल का?” ती म्हणाली. “नका बोलू. थोडा वेळ काहीच नका बोलू.”

माणूस थांबला. वन्सं असत्या तर म्हणाल्या असत्या, का हो, काय झालं, बरं वाटत नाही का? मुंगीच्या आईनं नाडी धरली असती. डॉक्टरनं चार प्रश्न विचारले असते, भिंगरीच्या आईनं भांडण काढलं असतं, फळवाल्यानंसुद्धा विचारलं असतं, चुकलं का काही माझं? तो माणूस काही बोलला नाही. त्यानं बूट काढून पायरीशी जोडीनं ठेवले. बाकाशी येऊन तो उभा राहिला, बसला नाही, ढिगातला एक मोजा उचलून त्याचा जोडीदार शोधू लागला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही; बघून काही मिळणार नव्हतं. पलीकडच्या रस्त्यावरून एक सायकल गेली. तो तसाच, काहीही न विचारता. इतकं काहीही न विचारणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

मोजे मांडीवर ओढून घेत ती बाकावर थोडी सरकली.